तिने नको म्हटलं होतं

वेल्समधल्या पाँटरॉबर्ट गावच्या जॉन ह्यूजने एकदा अ‍ॅन ग्रिफिथ्सला सुचवलं, की तू रचतेस ती कडवी कागदावर उतरवून ठेव. ती नको म्हणाली. आपल्यामागे ती कुणाच्या हाती पडावीत असं तिला वाटत नव्हतं. आपण ती स्वतःच्या जिवाला आधार म्हणून रचतो, असा तिच्या उत्तराचा आशय होता. ऑगस्ट १८०५ मध्ये लानविहँगेलच्या चर्चच्या आवारात तिला पुरलं. वय २९. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं आणि दोन आठवड्यांची मुलगी आईच्या थोडे दिवस आधीच गेली होती. पुढच्याच वर्षी, १८०६ मध्ये, बाला गावच्या छापखान्यातून एक छोटी पुस्तिका निघाली. नको म्हटलेली ती कडवी तिच्यात छापलेली होती.

अ‍ॅन ग्रिफिथ्सबद्दल काहीही वाचायला घेतलं की ही एवढीशी गोष्ट आडवी येते. वेल्श भाषेतली ती सर्वांत मोठी स्तोत्रकर्ती मानली जाते. १९६५ मध्ये नाटककार आणि समीक्षक सॉन्डर्स लुइस यांनी न्यूटाउनमधल्या व्याख्यानात तिच्या एका दीर्घ स्तोत्राला युरोपातल्या धार्मिक कवितेच्या शिखरांमध्ये जागा दिली. आणि हे सगळं मुळात तिच्या नकाराकडे काणाडोळा करून आपल्यापर्यंत आलेलं आहे. काणाडोळा केला हे बरं झालं असंच मला वाटतं, पण ते म्हणताना जरा अवघडायला होतं.

तिच्या स्वतःच्या अक्षरात काय उरलं? एलिझाबेथ एव्हन्स नावाच्या मैत्रिणीला लिहिलेलं एक पत्र आणि त्याच्या शेवटी जोडलेलं एकच कडवं. जगातली माझी वाट माझ्या स्वभावाच्या अगदी विरुद्ध जाते, तरी ती मी शांतपणे चालेन, अशी त्याची सुरुवात. बाकी सत्तरहून थोडी जास्त कडवी रूथच्या डोक्यात होती. रूथ एव्हन्स ही अ‍ॅनच्या घरची मोलकरीण. तिला लिहिता येत नव्हतं. बाईसाहेब कडवं म्हणायच्या, ही ते पाठ करायची. १८०५ मध्येच तिचं जॉन ह्यूजशी लग्न झालं आणि मग ती सांगत गेली, तो वहीत उतरवत गेला. त्या वह्या आज अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

म्हणजे ज्याने लिहून ठेव म्हटलं होतं, त्यानेच शेवटी लिहून ठेवलं.

आणखी एक गाठ आहे. अ‍ॅनचा नकार आपल्याला कळतो तोही जॉन ह्यूजकडूनच. अ‍ॅनवरचा त्याचा आठवणींचा लेख १८४६ मध्ये एका त्रैमासिकात आला, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला म्हातारा होता आणि घटनेला चाळीसेक वर्षं उलटली होती. स्वतःला अडचणीत आणणारी ही गोष्ट त्याने दडवली नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणात जमा करायला हवं. पण तिचे नेमके शब्द काय होते, आवाज ठाम होता की संकोचाचा, हे त्या लेखावरून काही केल्या ठरत नाही. आपण कडवी रूथच्या स्मरणातून वाचतो आणि नकार तिच्या नवऱ्याच्या.

अ‍ॅनचं घर डोलवार वाख हे मॉन्टगोमरीशरमधलं मध्यम ऐपतीचं शेतघर. बाप कुळवाडी, जरा जुळवाजुळव करणारा हौशी कवी, चर्चचा कारभार पाहणारा माणूस. आई १७९४ मध्ये गेली आणि सतरा-अठरा वर्षांच्या अ‍ॅनच्या हाती घर आलं. गुरं, दूध, लोणी आणि लोकर. हा सगळा भाग फ्लॅनेलचा. घराघरांत चरखे आणि माग, आणि विणलेलं कापड वेल्शपूलच्या बाजारात. जॉन ह्यूज स्वतः पेशाने विणकर होता. अशा घरात मालकीण आणि मोलकरीण वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. दोघी एकाच गोठ्यात आणि एकाच चुलीपाशी असतात. रूथ १८०१ च्या सुमारास तिथे कामाला आली, म्हणजे तिला जेमतेम चार वर्षांचा सहवास मिळाला. अ‍ॅन सूत कातायला बसली की शेजारी बायबल उघडं असायचं आणि वाचता वाचता तिचं भान हरपायचं, अशी आठवण सांगतात. कातताना हात गुंततात, तोंड आणि डोकं मोकळं राहतं. कडवी रचायला आणि पाठ करायला यापेक्षा सोयीचं काम शोधून सापडणार नाही.

अ‍ॅन मुळात भाविक पोर नव्हती. तिला नाचाची आवड होती, हार्पच्या साथीने रात्र जागवणाऱ्या मंडळींत तिची ऊठबस होती. १७९६ च्या ईस्टरच्या सोमवारी ती मौजेसाठीच लानव्हथलिनला गेली होती. तिथे ओळखीच्या कुणीतरी तिला बेंजामिन जोन्स नावाच्या प्रवचनकाराचं ऐकायला नेलं आणि पुढच्या वर्षभरात ती पाँटरॉबर्टच्या मेथडिस्टांच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमध्येच राहून धर्मजागृती करणाऱ्या पंथाच्या, ‘सेयाट’मध्ये दाखल झाली. सेयाट म्हणजे आठवड्याची आतल्या माणसांची बैठक. तिथे प्रत्येकाने आपल्या मनाचा हिशेब सगळ्यांसमोर मांडायचा आणि इतरांनी तो तपासायचा. ज्या बाईने रचलेलं कागदावर उतरवू दिलं नाही, ती तिथे दर आठवड्याला आपलं अंतरंग बोलून दाखवत होती. तिचा संकोच कागदापुरताच असावा.

रूथला लिहिता का येत नव्हतं, याचं उत्तर शाळेच्या रचनेत आहे. वेल्समध्ये १७३० च्या दशकापासून ‘फिरत्या शाळा’ चालल्या, त्या ग्रिफिथ जोन्स या चर्चच्या पाद्र्याने उभ्या केलेल्या. पद्धत अशी: शेतीची कामं थंडावली की मास्तर गावात यायचा, चर्चमध्ये किंवा कुणाच्या कोठारात तीन महिने शाळा भरवायचा आणि पुढच्या गावाला निघायचा. दिवसा मुलं, रात्री दिवसभर राबलेली मोठी माणसं. शिकवायचं फक्त वाचन, तेही वेल्शमधून, आणि पुस्तक म्हणजे बायबल आणि धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी. लेखन नाही, गणित नाही. त्यामागे हिशेब होता. वेल्श लिपीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं पुष्कळ सरळ आहे. अक्षरं बसली की माणूस काही आठवड्यांत अडखळत का होईना वाचू लागतो. लेखन शिकवायचं तर टाक, शाई, कागद, टेबल आणि कितीतरी जास्त दिवस लागतात. ग्रिफिथ जोन्सला हवे होते आत्म्याचं तारण करणारे वाचक, कारकून नव्हेत. १७६१ मध्ये तो वारला तोवर अशा तीन हजारांहून जास्त शाळा भरून गेल्या होत्या आणि दीड लाखांहून जास्त माणसं त्यांतून गेली होती. साऱ्या वेल्सची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास असताना!

मग गाडं अडलं ते पैशावर. ग्रिफिथ जोन्सच्या मागे श्रीमती बेव्हन यांनी शाळा चालवल्या. १७७९ मध्ये त्या गेल्या आणि मृत्युपत्रात शाळांसाठी मोठी रक्कम ठेवून गेल्या. नातेवाइकांनी मृत्युपत्राला आव्हान दिलं, रक्कम लंडनच्या न्यायालयात तीसेक वर्षं अडकून पडली आणि शाळा बसल्या. ही पोकळी भरली ती बालाच्या टॉमस चार्ल्सने. १७८५ पासून त्याने पुन्हा फिरते मास्तर पाठवायला सुरुवात केली, पुढे मोठ्यांसकट सगळ्यांच्या रविवारच्या शाळा काढल्या. हा चार्ल्स चर्चचा दीक्षित पाद्री, पण मेथडिस्टांकडे कल असल्याने कुठल्याच गावाने त्याला टिकू दिलं नाही. तो राहिला बायकोच्या माहेरच्या दुकानाच्या जिवावर. १७९९ च्या हिवाळ्यात मिग्नाइंटच्या माळावरून घोड्यावर येताना त्याच्या डाव्या अंगठ्याला हिमदंश झाला आणि अंगठा कापावा लागला, तरी फिरणं थांबलं नाही. जॉन ह्यूज हा त्याच्याच फिरत्या मास्तरांपैकी एक. लानविहँगेलच्या शाळेवर असताना तो डोलवार वाखमध्येच राहायला होता. ओळख तिथली. पुढे त्याची दुसरीकडे बदली झाली, आणि अ‍ॅनने त्याला लिहिलेल्या पत्रांमुळेच तिचं बरंचसं गद्य आपल्याला ठाऊक आहे. तीही त्याने नकलून ठेवलेली.

तर अशी ही साखळी. वाचायला शिकवणारी आणि लिहायला न शिकवणारी शाळा गावोगाव पोचली, म्हणून पुस्तक घरात आलं आणि लेखणी मास्तरकडेच राहिली. रूथच्या हाती टाक असता तर अ‍ॅनची कडवी आपल्याला कुणाच्या भाषेत मिळाली असती, हा प्रश्न मला सुटत नाही.

बालाचा रस्ताही या कवितेत आहे. डोलवार वाखहून बाला वीस मैलांहून जास्त, आणि मधे बेर्विनच्या डोंगरांची रांग. ही माणसं महिन्याच्या ठरावीक रविवारी तिथे चालत जायची, कारण प्रभुभोजनाचा विधी तिथे मिळायचा. पाँटरॉबर्टला १८०० मध्ये प्रार्थनामंदिर बांधून झालं होतं, प्रवचनं होत होती. पण मेथडिस्टांनी अजून चर्च ऑफ इंग्लंडशी काडीमोड घेतला नव्हता. त्यांचे प्रवचनकार अदीक्षित, त्यांना पाव आणि द्राक्षारस द्यायचा अधिकार नाही. तो टॉमस चार्ल्ससारख्या मोजक्या दीक्षितांनाच. १८११ मध्ये मेथडिस्टांनी आपल्या माणसांना स्वतः दीक्षा द्यायला सुरुवात केली आणि ही पायपीट संपली. जॉन ह्यूजला दीक्षा मिळाली ती त्याच्याही नंतर. तोपर्यंत अ‍ॅन जाऊन बरीच वर्षं झाली होती. नियम दहा-बारा वर्षं आधी बदलला असता तर ती चाल वाचली असती आणि वाटेवर, येता-जाता, जी कडवी जुळली असं म्हणतात ती जुळली असती की नाही कोण जाणे.

आता पाठांतराकडे. सत्तर कडवी चार वर्षांत डोक्यात साठवणं हा चमत्कार नाही, त्याला यंत्रणा आहे. अ‍ॅनचे छंद स्तोत्रकार विल्यम विल्यम्स पंतकेलिनने अठराव्या शतकात रुळवलेले. दरबारी वेल्श कवितेत ओळीच्या पोटात व्यंजनांची जी किचकट गुंफण लागते, ती त्याने स्तोत्रांसाठी बाजूला ठेवली आणि गाता येतील अशी साधी मापं घेतली. सर्वांत चालणारं माप म्हणजे आठ, सात, आठ, सात अक्षरावयव (सिलॅबल), हेच पुन्हा एकदा, म्हणजे आठ ओळींचं कडवं. यमक सातच्या ओळींना. दुसऱ्या एका मापात आठ-सात-आठ-सातनंतर चारची एक आखूड ओळ येते आणि मग सातची शेवटची. गाताना लोक ती आखूड ओळ किंवा शेवटची ओळ पुन्हा पुन्हा घेतात. तेवढ्यात पुढचं कडवं आठवायला सवड मिळते. पाठ करणाऱ्याला ही सवड फार मोलाची. आज तिचं सर्वांत प्रसिद्ध स्तोत्र, मर्टलच्या झुडपांमध्ये उभ्या असलेल्या प्रियाचं, ज्या दणदणीत चालीवर गायलं जातं ती ‘कुम रॉन्डा’ १९०७ ची. ती बांधणाऱ्याचं नावही जॉन ह्यूज, पण तो वेगळा, दक्षिणेच्या कोळसाखाणींच्या मुलखातला. रग्बीच्या मैदानात पाऊण लाख माणसं गर्जतात ती हीच चाल. अ‍ॅनच्या त्या कवितेला ती मानवत नाही असं माझं मत आहे. ती कविता कुणाला तरी लांबून, अर्धवट ओळखीनं पाहते. चाल मात्र छाती पुढे काढून येते.

पाठांतराची दुसरी खुंटी बायबल. अ‍ॅनची जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्यातरी वचनाला टेकलेली असते. मर्टलची झुडपं जखऱ्याच्या पुस्तकातली, शारोनचा गुलाब आणि दहा हजारांत उठून दिसणारा गोरा-लालसर प्रियकर गीतरत्नातला. ज्याला ही वचनं तोंडपाठ आहेत, त्याची ओळ निसटली तरी वचन तिला ओढून आणतं. मात्र इथेच दगाही आहे. अ‍ॅन वचनं जशीच्या तशी ठेवत नाही. ती दोन दूरच्या वचनांना एकमेकांवर आपटते. जीवन देणाऱ्याला मेलेला पाहणं, अदृश्याला डोळ्यांनी पाहणं, असली तिची भाषा. स्मरणशक्तीचा कल उलट असतो. ती वाकडं आठवत नाही, ओळखीच्या रुळावर आणून ठेवते. त्यामुळे जिथे अ‍ॅन सरळसोट बायबलसारखी वाटते, तिथे ती तिची ओळ आहे की रूथच्या स्मरणाने सरळ केलेली, अशी शंका मला येते. आणि जिथे ओळ विचित्र आहे तिथे रूथवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. विचित्र ओळ कुणी चुकून जपत नाही.

रूथने सांगितलं ते कडवं कडवं करून. कुठलं कडवं कुठल्या स्तोत्रात, एकामागून एक कोणतं, हे प्रत्येक ठिकाणी पक्कं नाही आणि संपादकांत त्यावरून आजही मतभेद आहेत. वहीतून छापखान्यात जाताना पुढची झीज झाली. अ‍ॅनच्या ओळी मापाला चोख नसत. कुठे एक अवयव जास्त, कुठे कमी. गाताना त्याने काही अडत नाही. जास्तीचा अवयव एकाच सुरात दोन घासांसारखा कोंबता येतो, कमी पडला तर स्वर ताणता येतो. छापील पानावर मात्र तो दोष दिसतो. टॉमस चार्ल्स आणि रॉस-लानच्या रॉबर्ट जोन्सने ओळी घासूनपुसून घेतल्या, बोलीतली रूपं ग्रंथी केली आणि रॉबर्ट सॉन्डरसनने छापल्या. या सॉन्डरसनला चार्ल्सने १८०३ मध्ये चेस्टरहून मुद्दाम बालाला आणून बसवलं होतं. पुढची शंभर वर्षं वेल्स हीच सफाईदार अ‍ॅन गात राहिलं. १९०५ मध्ये संपादक ओ. एम. एडवर्ड्सने जॉन ह्यूजच्या वह्यांतला पाठ छापला, तेव्हा कुठे खडबडीत अ‍ॅन वाचकांना दिसली. आज अभ्यासक तिलाच खरी मानतात, स्तोत्रपुस्तकं अजून मधला मार्ग काढतात. संपादकांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांना कवी जपायची नव्हती, प्रार्थनेला गाणी हवी होती.

त्याच पिढीतल्या मोठ्या प्रवचनकारांकडे पाहिलं की कागदाची दुसरी मर्यादा कळते. एका डोळ्याचा ख्रिसमस एव्हन्स, अँगलसीचा जॉन इलायस. यांची छापील प्रवचनं वाचली तर हजारो माणसं उघड्या मैदानात तासन्‌तास का उभी राहत, याचा पत्ता लागत नाही. कारण निम्मं काम ‘हुइल’, म्हणजे बोलता बोलता गाण्यात शिरणारी प्रवचनाची लय, करायची. प्रवचनकार सुरुवात हळू, बोलण्याच्या पट्टीत करतो, मुद्दे मोजून मांडतो. मग श्वास लांबतो, वाक्यं आखूड होतात आणि एका क्षणी बोलणं गाण्यात शिरतं. मोजक्या सुरांत फिरणारं, बहुधा कोमल स्वरांकडे झुकणारं पठण. तेच शब्द पुन्हा, दर वेळी जरा वरच्या सुरात. हे लवकर केलं तर ढोंग वाटतं, उशिरा केलं तर श्रोते थकलेले असतात. नवशिके नेमके इथे आपटायचे. उसनी हुइल वेल्श श्रोता लगेच ओळखतो. १८०२ मध्ये रुद्लनला रविवारच्या बाजारात, जिथे कापणीचे मजूर ठरवले जात आणि कोयते विकले जात, जॉन इलायस खाणावळीच्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि हार्प वाजवणाऱ्यांनी वाद्यं खाली ठेवली, अशी कथा आहे. त्याच वर्षी युवराजाचा हार्पवादक एडवर्ड जोन्स आपल्या ग्रंथात चरफडत होता, की या धर्मवेड्या प्रवचनकारांनी वेल्सची गाणी, नाच, खेळ सगळं गप्प केलं. त्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. अ‍ॅनचे नाचही असेच थांबले होते.

पण गप्प झालेल्या चाली सगळ्या मेल्या नाहीत, काही जागा बदलून राहिल्या. अ‍ॅनच्याच मुलखात ‘प्लगाइन’, म्हणजे कॅरल (नाताळची गाणी) म्हणायची बैठक, अजून चालू आहे. पूर्वी नाताळच्या पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान, मेणबत्त्यांच्या उजेडात, चर्चमध्ये. आता बहुतेक ठिकाणी संध्याकाळी आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत. छोटी प्रार्थना होते, पाद्री प्लगाइन खुली झाल्याचं सांगतो आणि खाली बसतो. त्यानंतर सूत्रसंचालन नाही, नावं पुकारणं नाही, टाळ्या नाहीत. तीन-चार जणांचा गट आपण होऊन उठतो, बहुतेकदा एकाच घरातला. ट्यूनिंग फोर्क कानाशी धरून सूर घेतो आणि वाद्याशिवाय कॅरल म्हणतो. पहिली फेरी झाली की त्याच क्रमाने दुसरी. शेवटी जमलेले सगळे पुरुष पुढे जाऊन ‘जेवणाचं कॅरल’ गातात आणि मग खरंच जेवायला जातात. अट एक: त्या रात्री एकदा झालेलं कॅरल पुन्हा कुणी म्हणायचं नाही. म्हणून जाणता गट दोन फेऱ्यांना दोन कॅरल घेऊन येत नाही, चार-पाच तयार ठेवतो. कॅरल लांबलचक, आदामापासून क्रूसापर्यंत सगळी कथा सांगणारी, आणि चाली कित्येकदा जुन्या बाजारी पोवाड्यांच्या. ‘फार्वेल नेड प्यू’सारख्या. शब्द पिढीजात हस्तलिखित वह्यांत असतात आणि पूर्वी आपल्या घरची वही दुसऱ्या गटाला दाखवत नसत. अ‍ॅनच्या बापाच्या वेळीही हे असंच होतं. लिहिलेलं सगळ्यांसाठी नसतं ही कल्पना त्या खोऱ्यात काही नवी नव्हती. तिचा नकार या शेजारात ठेवला की मला तो कमी अचंबित करतो.

शेवटची गोष्ट आपल्या बाजूची. पाँटरॉबर्टला लागूनच लानगनिव हे खेडं आहे. तिथे १८१० मध्ये टॉमस जोन्स जन्मला. सुताराचा मुलगा, स्वतः सुतारकाम आणि गिरणीकाम केलेला. जॉन ह्यूज तेव्हा पस्तिशीत होता, रूथही होती. हा जोन्स वेल्श मेथडिस्टांचा पहिला मिशनरी म्हणून १८४१ च्या जूनमध्ये चेरापुंजीला पोचला. त्याच्याआधी सेरामपूरच्या मिशनने खासी भाषा बंगाली लिपीत छापून पाहिली होती, ती रुजली नव्हती. जोन्सने रोमन लिपी घेतली, पण ती इंग्रजांच्या कानाने वापरली नाही. तो वेल्श कानाने ऐकत होता. वेल्शमध्ये ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी ‘क’. त्याने अक्षर बदलून ‘के’ घेतलं, जागा मात्र ‘सी’चीच ठेवली. त्यामुळे खासी वर्णमालेत ‘ए, बी’नंतर थेट ‘के’ येतं. वेल्शमध्ये ‘जी’नंतर ‘एनजी’ हे जोडाक्षर स्वतंत्र अक्षर म्हणून बसतं. खासीतही ते तिथेच बसलं. ‘वाय’ हा स्वरासारखा वापरायची वेल्श रीतही आली. १८४२ मध्ये पहिलं वाचनपुस्तक निघालं.

खासी लोकांची स्वतःची एक कथा होती. देवाने खासी माणसाला आणि मैदानातल्या माणसाला लिपी दिली. वाटेत पूर आला. मैदानातल्या माणसाने ती डोक्यावर शेंडीत बांधून पोहून नेली, खासी माणसाने तोंडात धरली आणि गटांगळी खाताना गिळून टाकली. तेव्हापासून आमचं सगळं पोटात आहे, पानावर नाही. टॉमस जोन्सला ही गोष्ट पाँटरॉबर्टच्या शेजाऱ्याच्या कानाने ऐकता आली असती.

त्याचं पुढे बरं झालं नाही. त्याने लोकांना करवतीने फळ्या कापायला, लाकडाऐवजी कोळशावर चुना भाजायला शिकवलं. पण पत्नी बाळंतपणात गेली, दुसऱ्या लग्नावरून आणि शेतीच्या उद्योगावरून मिशनशी बिनसलं आणि त्याला काढून टाकलं. चेरापुंजीच्या व्यापारावर मक्तेदारी असलेल्या हॅरी इंग्लिसविरुद्ध त्याने खासी लोकांच्या बाजूने आवाज उठवला, तेव्हा त्याला जंगलातून पळावं लागलं. १८४९ मध्ये मलेरियाने कोलकात्यात वारला, ३९ वर्षांचा, आणि तिथल्या स्कॉटिश दफनभूमीत पुरला गेला. मिशनने त्याला नाकारलं, वर्णमाला ठेवली. तिच्यात नंतर दुरुस्त्या झाल्या. ‘के’ मात्र तिसऱ्या जागेवरून कुणी हलवलं नाही आणि शिलाँगच्या शाळांत मुलं आजही ए, बी, के असंच म्हणतात.